पुलावर पन्नास वर्षं

४ मे २०२५, रविवार

आज लँटर्न क्लबच्या बैठकीत एकमताने माझा बकरा झाला. नाशिक लँटर्न क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत, स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचाय, आणि प्राचार्यपदावरून निवृत्त झालेला, हातात वेळच वेळ असलेला मनुष्य क्लबात एकच. अध्यक्ष शेखरने माझं नाव पुकारलं आणि टाळ्या इतक्या जोरात पडल्या की काम आपल्या गळ्यात पडलं नाही याचा आनंद प्रत्येकाच्या तळव्यांतून ऐकू येत होता.

शेखरचं गंगापूर रोडला टाइल्सचं दुकान आहे. माणूस उत्साही, पण त्याचं वर्ष तीस जूनला संपतं. एक जुलैपासून मोहिनी अध्यक्ष. त्यामुळे त्याला जे काही करायचंय ते पावसाच्या आधी, आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "भव्य".

घरी येऊन उज्वलाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सर म्हटलं की तुमच्या तोंडून नाही हा शब्दच निघत नाही."

खोटं नाही. पण काम मनाजोगं आहे.

११ मे, रविवार

पहिलं प्रकरण झालं. उगमाची कथा मला नव्याने आवडली. अमेरिकेतलं एक लहानसं बंदर. एका वादळात दीपगृहाचा दिवा बंद पडला, तेव्हा गावातल्या माणसांनी पाळीपाळीने कंदील घेऊन किनाऱ्यावर उभं राहून गलबतं आत आणली. १९२१ साली त्यातल्याच दहाबारा जणांनी पहिला लँटर्न क्लब काढला. आज सत्तर देशांत क्लब आहेत आणि सगळीकडे ब्रीद एकच: माझी पाळी, माझा दिवा.

म्हणून आपल्याकडे अध्यक्ष एकाच वर्षाचा. पदग्रहणाला मावळता अध्यक्ष नव्याच्या हाती पितळी कंदील देतो आणि मागे न बघता खाली उतरतो. त्यानंतर त्याने नव्याच्या कामात बोलायचं नाही आणि नव्याने त्याच्या कामाला हात लावायचा नाही. 'दुसऱ्याच्या वातीला हात लावू नये' असा आमचा अलिखित नियम. पन्नास वर्षांत आमच्यात एकही भांडण झालं नाही ते यामुळेच, असं मी आवर्जून लिहिलंय. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवा उपक्रम, नवा फलक. विहिरी, बालवाड्या, बसथांब्यांचे निवारे, पूल.

त्यातल्या किती गोष्टी आज उभ्या आहेत, असं उज्वलाने विचारलं. ते इतिहासात येत नाही, असं मी सांगितलं.

१७ मे, शनिवार

खंडेरावांना भेटायला पंचवटीत गेलो. वय शहाऐंशी, चाकाच्या खुर्चीत बसून असतात, पण डोकं शाबूत. एके काळचे मोठे ठेकेदार. १९९१ साली ते अध्यक्ष होते आणि पेठ तालुक्यात उंबरदरीच्या पाड्यावर नदीवर लोखंडी पूल त्यांनीच बांधला. क्लबचं सगळ्यात नावाजलेलं काम ते. तोवर तिथल्या बाया लाकडाच्या ओंडक्यावरून हंडे घेऊन जायच्या.

मी म्हटलं, "अण्णा, पुलावर तुमच्या नावाचा नवा फलक लावायचा विचार चाललाय."

ते एकदम म्हणाले, "माझं नाव नको."

"विनय पुरे झाला आता."

"विनय कसला रे? मोडलेल्या गुदामाच्या शेडचं लोखंड होतं ते. हंडे घेऊन जाणाऱ्या चार बायांसाठी केला होता पूल. दहा वर्षं टिकला तरी पुष्कळ, असं तेव्हा म्हटलं होतं मी. पुढे कुणी बघितलं का त्याच्याकडे?"

नियमाप्रमाणे कुणी बघायचं कारणच नव्हतं. पण हे त्यांना कोण सांगणार? या पिढीला स्वतःच्या कामाचं कौतुक करून घेताच येत नाही. 'चार बायांसाठी' हे शब्द मात्र मी टिपून घेतले. प्रकरणाला शीर्षक म्हणून छान शोभतील.

२० मे, मंगळवार

शेखरच्या गाडीतून उंबरदरीला जाऊन आलो. शाळेचे शिक्षक हिरामण पुलाशी वाट बघत होते. तिथलेच, तिशीतले, नम्र. शाळेला संगणक मिळावेत म्हणून त्यांनी क्लबकडे अर्ज केलाय.

पूल बघून मला भरून आलं. मध्ये दगडी खांब, दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा, वर पत्रे. खाली नदी बरीच खोल. चौतीस वर्षं उभा आहे! आणि पाड्यावरच्या लोकांची शिस्त तर बघत राहावी अशी. पुलावर एका वेळी एकच माणूस. येणारा या टोकाला थांबतो, आधी गेलेला पलीकडे पोचला की 'हूऽ' करून हाळी देतो, मग हा पाऊल टाकतो. लहान पोरंसुद्धा चुकत नाहीत. आधी घरातलं मोठं माणूस जातं, मग मूल.

आम्ही शहरात सिग्नल पाळत नाही आणि इथे बघा. मी हिरामणना म्हटलं, "आमच्या क्लबने लावलेलं वळण दिसतंय."

ते नुसते हसले. म्हणाले, "आमच्या लहानपणापासून तसंच आहे सर. पूल हलतो ना."

शेखर आणि मी मात्र सोबतच गेलो. थोडा हलतो खरा, पण अंगाला बरं वाटलं. झोपाळ्यावर बसल्यासारखं.

२१ मे, बुधवार

सकाळी दाढी करता करता कल्पना सुचली आणि मी साबण तसाच ठेवून शेखरला फोन केला.

पन्नास वर्षं, पन्नास माणसं. प्रत्येकाच्या हातात एकेका सालाची पाटी आणि सगळे त्या पुलावर खांद्याला खांदा लावून उभे. या काठापासून त्या काठापर्यंत क्लबचा अख्खा इतिहास! वरून ड्रोनने फोटो. स्मरणिकेचं मुखपृष्ठ तर तेच, पण आंतरराष्ट्रीय मासिकालाही पाठवायचा. खाली ओळ: कल्पना आणि इतिहासलेखन, मी.

शेखर फोनवर ओरडलाच, "सर, तुम्ही सोनं आहात सोनं!"

वयाच्या सत्तराव्या वर्षी असं कुणी म्हणालं की बरं वाटतं. खोटं कशाला लिहू?

२८ मे, बुधवार

यंदा मे महिन्यातच पावसाने हैदोस घातलाय. तारीख पंधरा जून ठरली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी.

आज कोण कुठे उभं राहणार ते ठरवायला बसलो तर निम्मी सालं रिकामी. बरेच अध्यक्ष वारले, काही मुलांकडे परदेशी गेले, खंडेराव येत नाही म्हणतात. शेवटी मीच तोडगा काढला. जे गेले, जे येऊ शकत नाहीत, त्यांच्या सालाची पाटी उंबरदरीच्या मुलांनी धरायची. ज्यांच्यासाठी पूल बांधला तीच मुलं आता दिवंगतांच्या जागी उभी. एकदोघांनी डोळे पुसले.

फक्त मोहिनी बोलली. तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, बोलणं नेहमी मोजकं. "पन्नास माणसं एकदम? पूल कुणा इंजिनिअरला दाखवलाय का?"

शेखर हसत म्हणाला, "मॅडम, तुमची पाळी एक जुलैला. तोवर वात माझी."

सगळे हसले. मीही हसलो. मोहिनी हसली नाही. पुढे तिने विषय काढला नाही हे मात्र बरं झालं. नियम म्हणजे नियम.

५ जून, गुरुवार

पूल रंगवून झाला. क्लबचे रंग, निळा आणि पिवळा. रंगारी शेखरला सांगत होता म्हणे की गंज खरवडायला घेतला तर पापुद्रेच्या पापुद्रे निघतात, म्हणून खरवडणं सोडून वरूनच दोन हात मारले. मोबाईलवर फोटो पाहिला. नवरीसारखा नटलाय.

संध्याकाळी हिरामणचा फोन. मुलं तयार आहेत, पण भागीबाई नावाची एक म्हातारी नातीला पाठवायला नाही म्हणते. ती नाही म्हणाली की बाकीच्यांचीही चुळबुळ सुरू होते. नातीचं नाव मनीषा. तिला मी खंडेरावांचं १९९१ साल दिलंय, पूल बांधला ते साल. म्हणून ते क्रमात न ठेवता बरोबर मधोमध ठेवलंय. तीच गळाली तर फोटोचं नाकच गेलं.

८ जून, रविवार

स्वतःच गेलो. उज्वलाही सोबत आली. भागीबाई दारात बसून नाचणी पाखडत होती. मनीषा तिला चिकटून. चौथीत जाईल आता. आई-बाप द्राक्षाच्या कामाला बाहेर असतात, वर्षातले बरेच महिने नात आजीकडेच.

मी म्हटलं, "काय भागीबाई, आमच्यावर रागावलात?"

"राग कशाचा? पन पोरीला नाय धाडायची मी. एका टायमाला एकानंच जायचा पुलावून."

"का पण?"

"का म्हंजे? हालतो ना तो. बाई हंडा घेऊन निंगाली तरी हालतो. पह्यलं मी जातं, मंग हिला हाळी देतं."

मी तिला समजावलं की पूल म्हटला की हलायचाच, मुंबईचे मोठमोठे पूलसुद्धा हलतात. लोखंडाचा आहे, नवा रंग दिलाय. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मग मी जरा कडक झालो. वर्गात व्हावं लागायचं तसा. म्हटलं, "ज्यांनी पूल दिला त्यांनाच तुम्ही त्याच्यावर उभे राहू नका म्हणता. मग शाळेला संगणक तरी कशाला मागायचे?"

हिरामण खाली बघत होते. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या होत्या. भागीबाईने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमचा पूल हाय. तुमी म्हनाल तसा."

परतताना गाडीत उज्वला म्हणाली, "ती बाई घाबरलेली होती."

"पहिल्यांदाच फोटोत येणार आहेत ती मुलं. साहजिक आहे," मी म्हटलं.

१४ जून, शनिवार

पाट्या तयार. टोप्या तयार. मुलांना लाडू. दुपारी खंडेरावांच्या सुनेचा फोन आला, अण्णा सकाळपासून तुमचं नाव घेताहेत, जरा बोलता का? मी म्हटलं, उद्याचं एकदा पार पडू दे, सोमवारी निवांत येतो. आता बोलायला गेलं की तास गेलाच, आणि मला अजून फोटोखालची ओळ लिहायची होती.

मनात कसलीतरी हुरहुर आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी असायची तशी. हवेचा अंदाज बरा आहे, मग हुरहुर कशाची कळत नाही.

१५ जून, रविवार

झालं! आणि काय झालं!

सकाळी पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. नदीला मात्र पाणी भरपूर, तांबडं. आधी मुलं चढेनात. एकेक करून पलीकडे जायला निघाली, सवयीने, आणि हाळीची वाट बघत थांबायला लागली. शेखरने ओरडून सांगितलं, एकदम, एकदम चढा! हिरामण दोघा मुलांचा हात धरून पुढे झाले तेव्हा बाकीची मागोमाग गेली. आम्ही सगळे चढलो. मी १९७५ ची पाटी घेऊन टोकाला उभा राहणार होतो, पण फोटोग्राफर म्हणाला इतिहासकार मध्यभागी हवा. म्हणून मी मनीषाच्या शेजारी आणि माझ्या पलीकडे उज्वला. मोहिनी काठावरच थांबली, कुणीतरी सामान सांभाळायला हवं म्हणून. तिला दिलेली पाटीसुद्धा एका मुलाला द्यावी लागली. भागीबाई तिच्यापासून हातभर अंतरावर, पदराचा बोळा तोंडाशी धरून.

ड्रोन वर गेला. सगळे हसले. तेवढ्यात खालून आवाज आला. टण्. मोठी घंटा एकदाच वाजावी तसा. तळव्यांना जाणवला. पुलाचा पायाखालचा भाग बोटभर खाली गेल्यासारखा वाटला. मनीषाने पाटी सोडून माझा सदरा धरला. फोटोग्राफर काठावरून ओरडला, "कुणी हलू नका, एक अजून!" मी हललो नाही. बोललोही नाही. आता बोललो तर गोंधळ उडेल, फोटो जाईल, आणि मुलं घाबरून पळतील ते वेगळंच, असं त्या क्षणी वाटलं.

मग सगळे उतरलो. भागीबाई धावत आली आणि कुणाकडे न बघता मनीषाला ओढून घेऊन गेली. लाडूही घेतला नाही.

लोखंड उन्हाने तापलं की आवाज करतंच. आज ऊन नव्हतं, पण आधीचे दिवस होतंच की थोडंफार.

फोटो अप्रतिम आलाय. सगळी वर्षं जागच्या जागी.

१६ जून, सोमवार

सकाळपासून फोन थांबत नाहीत. आंतरराष्ट्रीय कार्यालयातून शेखरला मेल आली, 'इतिहास याहून सुंदर कधीच उभा राहिला नव्हता.' मी ती वाचून दाखवली तेव्हा उज्वला भाजी निवडत होती. म्हणाली, "छान." एवढंच.

खंडेरावांकडे जायचं राहून गेलं.

१९ जून, गुरुवार

कसं लिहू कळत नाही.

उंबरदरीचा पूल पडला. काल सकाळी. हिरामणचा फोन आज आला, काल तिथे रेंज नव्हती.

शाळेची वेळ होती. भागीबाई नेहमीप्रमाणे आधी निघाली. मनीषा अलीकडे दप्तर घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. म्हातारी मधल्या खांबापाशी पोचली आणि पलीकडचा भाग सांगाड्यासकट खाली गेला. नदीला पूर होता. दुपारी बरंच खाली, वळणावर सापडली.

मी म्हटलं, "फार वाईट झालं हिरामण. पोरगी वाचली ही देवाची कृपा."

ते म्हणाले, "सर, ती एकटीच होती पुलावर."

मी म्हटलं, हो, तुमची शिस्तच तशी.

ते परत म्हणाले, "एकटीच होती सर. हातात काहीसुद्धा नव्हतं." आणि फोन ठेवला. असं दोनदा का म्हणाले?

२० जून, शुक्रवार

शेखरचा फोन. घाबरलाय. काठावरचा क्लबचा फलक काढून आणायला माणूस पाठवलाय. पंधरा तारखेच्या कार्यक्रमाची पोस्ट काढून टाकलीय. "सर, पूल चौतीस वर्षांचा होता. नदीला पूर होता. आपला काय संबंध? आपण तर वर होतो तेव्हा काहीच झालं नाही. उलट ते सिद्धच होतं की नाही, की पूल तेव्हा भक्कम होता?"

युक्तिवाद म्हणून बरोबर आहे. मी हो म्हटलं.

स्मरणिकेत दुखवट्याचा एक परिच्छेद घालायचं ठरलं. लिहायला बसलो आणि 'वयोवृद्ध पूल' एवढ्यावर अडकलो. मुखपृष्ठ बदलायचं का, असं मी विचारलं. शेखर म्हणाला, छापून झालंय.

पाड्यावरच्या बाया परत ओंडका टाकताहेत म्हणे. मनीषाला तिच्या बापाने कामावर सोबत नेलं. शाळेचं काय, हे मी हिरामणना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला लाज वाटते, पण नेमकी कशाची ते सांगता येत नाही.

२२ जून, रविवार

आज सकाळी मोहिनीने क्लबच्या ग्रुपवर लिहिलं. तिची पाळी अजून सुरू झालेली नाही, तरी लिहिलं. ती खंडेरावांकडे जाऊन आली. त्याच गुदामाच्या लोखंडातून त्यांनी आणखी एक पूल बांधला होता, सुरगाण्याच्या रस्त्याला, एका आश्रमशाळेजवळ. त्यावरून रोज आसपासच्या पाड्यांवरची शाळेची मुलं जातात. तिथे एकेकट्याने जायची पद्धत नाही, सगळी मिळून पळत जातात. तिने सरकारी कचेरीत तो पूल बंद करायला सांगितलं. ते म्हणतात, एक पूल पुराने गेला म्हणून दुसरा कसा बंद करणार, मुलांना तीन कोसांचा वळसा पडेल. काही ठोस असेल तर लेखी द्या.

म्हणून तिने प्रत्येकाला विचारलं होतं. पंधरा तारखेला पुलावर उभे असताना कुणाला काही जाणवलं होतं का? आवाज, हादरा, काहीही. एकाने जरी सांगितलं तरी पुरे.

सर्वांत आधी शेखरने लिहिलं, नाही. मग एकामागून एक. नाही. नाही. काहीच नाही. उत्तरं इतक्या झपाट्याने येत होती की हजेरी चालल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं, इतक्या जणांना जाणवलं नाही म्हणजे कदाचित मलाच भास झाला असेल. आणि भास नसेल तर? तर मग मी तिथे उभा राहून गप्प का राहिलो, हे सगळ्यांना सांगावं लागेल. हिरामणला सांगावं लागेल. त्या पोरीला.

उज्वला समोर येऊन बसली. ती क्लबची सभासद नाही, तिला कुणी विचारलेलं नाही. माझ्या हातातला फोन बघून म्हणाली, "अहो, तो आवाज तुम्हालाही आला होता ना? मी तुमच्याच शेजारी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत."

मी म्हटलं, "कसला आवाज?"

ती मग उठून आत गेली. बेडरूमचं दार तिने कधी लावून घेतलं नव्हतं, आज लावलं.

माझं एकट्याचंच उत्तर राहिलं होतं. मोहिनीने माझ्या नावाने पुन्हा विचारलं, "सर, तुम्ही मधोमध होतात."

मी 'नाही' असं लिहून पाठवलं. तिने लगेच 'धन्यवाद सर' लिहिलं. उद्या सोमवार, आश्रमशाळा भरेल.